घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी सुटे भाग: गोव्यातली हवा, वीज, पावसाळा धरून सल्ला हवा

चिरेबंदी

घरी नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना फाइली देणारा स्टोरेज सर्व्हर) बांधायचा आहे. तयार डबा नको, सुटे भाग आणून जुळवणार. गरज सांगतो.

फोटो, लग्नकार्यांचे व्हिडिओ, नाटकं-भजनांची रेकॉर्डिंग मिळून आज साधारण ५ टीबी. वर्षाला अर्धा-पाऊण टीबी वाढते. दोन लॅपटॉप, एक टीव्ही (घरचे व्हिडिओ दाखवणारं जेलीफिन सॉफ्टवेअर लावायचं आहे), चार फोन. चार आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्यातच टाकायचं मनात आहे. घर फोंडा तालुक्यात, चिऱ्याचं, वर नळे (कौलं). एसी एकाच खोलीत. इन्व्हर्टर आहे, फायबर आहे. डिस्क धरून ६० हजारांच्या आसपास बसवायचं.

सध्याची यादी: बाराव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, सीगेटच्या ४ टीबी बॅराकुडा डिस्क चार, रेड ५ (डिस्क जोडून एक गेली तरी डेटा वाचवणारी रचना), कॅबिनेटबरोबर येणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). यात काय बदलू?

मांडवीकाठ

जवळजवळ सगळंच बदला. फाइली वाटायच्या कामाला आय५ लागत नाही. तो पैसा डिस्क आणि विजेकडे वळवा.

आधी बॅराकुडा काढा. डेस्कटॉपच्या ४ आणि ८ टीबी बॅराकुडा एसएमआर आहेत, म्हणजे त्यांचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढची अख्खी पट्टी नव्याने लिहावी लागते. रोजच्या वापरात हे कळत नाही, कारण डिस्क आधी एका छोट्या राखीव भागात लिहिते आणि निवांत असताना आवरून घेते. पण एक डिस्क गेली आणि नवी लावून रिबिल्ड (तिच्यावर डेटा पुन्हा भरणं) सुरू केलं, की तास न् तास सलग लिहिणं चालतं. राखीव भाग भरतो आणि वेग कोसळतो. कधी डिस्क इतका वेळ उत्तर देत नाही की कंट्रोलर तिला मेली समजून बाहेर काढतो.

सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्क घ्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर. वेस्टर्न डिजिटलमध्ये रेड प्लस आणि रेड प्रो चालतील. नुसत्या 'रेड'पासून सावध: २ ते ६ टीबीत मॉडेल क्रमांक ईएफएएक्सने संपत असेल तर ती एसएमआर. ही गोष्ट २०२० मध्ये उघडकीस आली, तोवर खोक्यावर त्याचा उल्लेखही नव्हता. ईएफआरएक्स, ईएफझेडएक्स, ईएफपीएक्स असेल तर बिनधास्त घ्या. दुकानदाराला 'नॅसची डिस्क द्या' एवढंच सांगू नका, लेबलचा फोटो मागवा.

आणि चार ४ टीबींऐवजी दोन ८ टीबी घेऊन मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा.

चिरेबंदी

रेड ५ मध्ये जागा जास्त मिळते ना? चारातली एकच डिस्क पॅरिटीला (हरवलेला डेटा परत काढायच्या माहितीला) जाते. मिररमध्ये अर्धी जागा फुकट.

मांडवीकाठ

जागा जास्त मिळते, खरं. ८ टीबीच्या मिररमध्ये संगणकाला दिसेल ७.२७ (तो टीबी १०२४ च्या पटीत मोजतो). झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम) ८० टक्क्यांच्या वर भरू नये असं धरलं तर कामाची साधारण ५.८. तुमचे आजचे ५ टीबी त्याच मापात ४.५५ होतात. वर्षाला अर्धा टीबी म्हणजे दोनेक वर्षं निघतील, मग त्याच पूलमध्ये (डिस्क मिळून झालेल्या एकत्र साठ्यात) आणखी एक जोडी घालायची. त्या वेळी मोठ्या डिस्क स्वस्त झालेल्या असतील तर १२ किंवा १६ च्या घाला. आधीच्या जोडीइतक्याच हव्यात असं बंधन नाही.

मिररचं रिबिल्ड म्हणजे एका डिस्कवरून दुसरीवर सरळ नक्कल. रेडझेड१ (झेडएफएसमधलं रेड ५) मध्ये उरलेल्या तिन्ही डिस्कवरचा डेटा वाचावा लागतो, आणि एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या डिस्कचं वयही सारखंच असतं. शिवाय दोन डिस्कना वीज कमी, उष्णता कमी, आवाज कमी, केबल कमी.

डिचोलीकर

रेडझेडला इतकं झोडपायचं कारण नाही. ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते, तेव्हा पूर्वीची मोठी अडचण गेली. फक्त वाढवण्याआधीचा डेटा जुन्याच प्रमाणात पसरलेला राहतो, तो पुन्हा लिहिला तरच पूर्ण जागा सुटते. दहा-बारा टीबी लागणाऱ्याने सहा डिस्कचा रेडझेड२ (दोन डिस्क गेल्या तरी चालणारा) करावा. ५ टीबीवाल्याला मिरर, हे मात्र मान्य.

आता बोर्ड. इंटेल एन१०० पुरेसा आहे. कागदावर ६ वॅटचा चार कोरचा प्रोसेसर, आणि त्यातला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा भाग फोरके एचईव्हीसी व्हिडिओ सहज ट्रान्सकोड करतो (टीव्ही-फोनला चालेल अशा रूपात बदलतो), जेलीफिनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. पण घेताना तीन गोष्टी बघा.

एक, एन१०० मध्ये मूळचे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट जास्तीत जास्त दोन. सहा पोर्ट दाखवणाऱ्या बोर्डवर बाकीचे वेगळ्या चिपमधून येतात. ती जेएमबी५८५ किंवा एएसएम११६६ असेल तर ठीक. जेएमबी५७५ म्हणजे पोर्ट मल्टिप्लायर, एकाच साटा वाटेवर पाच डिस्क टांगलेल्या. तो झेडएफएसला नको, एक डिस्क अडली की सगळ्यांची वाट अडते.

दोन, रॅमचा स्लॉट एकच. काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, काही लॅपटॉपची छोटी पट्टी, काही डेस्कटॉपची मोठी. आधी बोर्ड पक्का करा, मग रॅम. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि थांबा. 'दर टीबीला १ जीबी' हा नियम घरच्या वापराला लागू नाही. डिडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं) मात्र चालू करायचं नाही, ते रॅम पिऊन टाकतं आणि फोटो-व्हिडिओत त्याने काहीच वाचत नाही.

तीन, काही एन१०० बोर्ड लॅपटॉपसारख्या १९ व्होल्ट अडॅप्टरवर चालतात. दिसायला सुटसुटीत, पण साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. म्हणजे डिस्कमागे २४ वॅट, चार डिस्कना ९६. ६५ वॅटचा अडॅप्टर तिथेच मान टाकणार, आणि मशीन चालू होताच बंद का पडतं हे शोधण्यात दिवस जाणार. एसएमपीएस लागणारा बोर्डच घ्या.

सुरंगी

ईसीसीचं (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या रॅमचं) कुणीच बोललं नाही. झेडएफएस चेकसम (डेटा तपासायचा आकडा) काढतं ते रॅममधला डेटा बरोबर आहे असं धरून. रॅमच बिघडली तर चुकीचा डेटा बरोबर चेकसमसह डिस्कवर जाईल. एन१०० ला खरं ईसीसी नाही. रायझन ५ प्रो ४६५०जी हा प्रोसेसर सुटा मिळाला तर बघा, प्रो असल्यामुळे ईसीसी चालतं. साध्या ५६००जी ला चालत नाही, नावं सारखी दिसली तरी.

डिचोलीकर

तत्त्वतः बरोबर. पण बफर नसलेली ईसीसी पट्टी शोधणं हेच मोठं काम. गोव्यातल्या दुकानांत मागवूनच घ्यावी लागेल. बरेच जण चुकून सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी आणतात, ती या बोर्डांवर चालूच होत नाही. बोर्डही ईसीसी 'चालतो' आणि ईसीसी 'वापरतो' यातला फरक नीट बघून घ्यावा लागतो.

सुरंगी

अगदी सक्ती करा म्हणत नाहीये. ईसीसी नसेल तर निदान मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) रात्रभर चालवा, चार पूर्ण फेऱ्या, एकही चूक नको. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत. आणि बॅकअप वेगळ्या मशीनवर. बाकी 'ईसीसी नसेल तर स्क्रबच (डेटा वाचून तपासण्याची फेरी) सगळा पूल खाऊन टाकतो' हे जे फिरत असतं ते खोटं आहे, त्याला घाबरून स्क्रब बंद ठेवू नका. महिन्यातून एकदा हवाच.

अंतरुजकार

सगळे डिस्क-रॅमवर आलात, मुळाकडे कोणी बघेना. चिऱ्याच्या घरात पहिला प्रश्न अर्थिंग.

आपल्याकडची जांभ्याची जमीन वरून कडक आणि उन्हाळ्यात कोरडीठाक. कोरडा जांभा वीज नीट सोडत नाही. कोळसा-मीठ भरलेला जुना अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे मध्ये सुकतो आणि मीठ इलेक्ट्रोडलाही खातं. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या गडगडाटी सरी येतात. म्हणजे विजेचा धोका जास्त असतो तेव्हाच अर्थिंग सगळ्यात कमकुवत.

तपासणी साधी आहे, पण मल्टिमीटर चालू लाईनवर लावायची सवय नसेल तर वायरमनलाच करू द्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये घरातला लोड चालू असताना व्होल्टेज मोजायचं. एक-दोन व्होल्ट ठीक. पाचाच्या वर गेलं तर न्यूट्रलचे जोड आणि अर्थिंग दोन्ही उघडून बघा. शून्याच्या शून्य आलं तर खूश होऊ नका, कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेलं असू शकतं. जुन्या घरांत हे फार सापडतं. ते धोक्याचं आहे, लगेच काढायचं. मग फेज ते अर्थ मोजा: फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. कमी आलं तर अर्थ नावापुरती.

नवी अर्थ घालायची झाली तर तीन मीटरचा तांबं चढवलेला रॉड आणि बेंटोनाइट मातीचं मिश्रण. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं. वायरमनला आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे कर म्हणून सांगा, आणि झाल्यावर ओहममध्ये रीडिंग लिहून घ्या. त्याच फेरीत डीबीमध्ये (घरच्या एमसीबीच्या पेटीत) टाइप २ चं सर्ज प्रोटेक्टर (विजेची लाट अडवणारं) बसवून घ्या. बाजारातला स्पाइक गार्ड म्हणजे बहुतेक वेळा बटण असलेली एक्स्टेन्शन. आणि अर्थ धड नसेल तर चांगला सर्ज प्रोटेक्टरही लाट जमिनीत पूर्ण उतरवू शकत नाही.

नळ्यांवरचो_पावस

अंतरुजकारबाब, कॅमेऱ्यांचं विसरलात. घराबाहेर खांबावर, माडावर लावलेल्या कॅमेऱ्याची लॅन केबल म्हणजे विजेला घरात यायची उघडी वाट. जवळपास वीज पडली की लाट केबलमधून स्विचमध्ये, स्विचमधून सर्व्हरच्या लॅन पोर्टात. इंटरनेट फायबरने येतं म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि पोर्ट जळतो तो गेटवरच्या कॅमेऱ्यामुळे.

कॅमेऱ्यांचा पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणारा) स्विच वेगळा ठेवा. त्या स्विचपासून मुख्य स्विचपर्यंत दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅनचं फायबर करणारे डबे) लावून मध्ये छोटा फायबर तुकडा टाका. काचेतून लाट पुढे जात नाही. दोन्ही कन्व्हर्टर एकाच एक्स्टेन्शनवर लावले तर सगळं मुसळ केरात, कारण मग लाट विजेच्या वायरीतून फिरून येते.

रेकॉर्डिंग मुख्य पूलवर नको. हिशोब करा: चार कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, मिळून १६. म्हणजे सेकंदाला २ एमबी, दिवसाला सुमारे १७३ जीबी, पंधरा दिवसांना २.६ टीबी. तुमच्या पूलमधली कामाची ४० टक्के जागा कुत्रा गेटवरून गेला त्याच्या व्हिडिओने भरणार. वर स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) चालू असले तर पुसलेलं रेकॉर्डिंगही जागा सोडत नाही. ४ टीबीची एक वेगळी पर्पल किंवा स्कायहॉक (कॅमेरा रेकॉर्डिंगसाठीची डिस्क) लावा, तिला ना मिरर ना स्नॅपशॉट.

चिरेबंदी

अर्थिंगचं उद्याच वायरमनला सांगतो. इन्व्हर्टर असताना यूपीएस वेगळा घ्यावा का?

अंतरुजकार

घ्या. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं. नॉर्मलवर तो ढिला असतो, व्होल्टेज बरंच खाली गेल्यावरच बॅटरीवर येतो आणि बदलायला वेळही जास्त घेतो. पंखा-दिव्याला चालतं, सर्व्हर रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाकलं की १८० च्या खाली किंवा २६० च्या वर जाताच पटकन बदलतो. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर त्यावर चांगला एसएमपीएस लावू नका, सक्रिय पीएफसीवाले (वीज समतोल ओढणारे) एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात.

तरी खरी गरज वेगळी: बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळायला हवं. घरचा साधा इन्व्हर्टर ते सांगत नाही. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडं सावरून घेणारा) यूपीएस पुरे, पण मागे यूएसबी डेटा पोर्ट हवा. स्वस्त मॉडेलांत तो नसतो, खोकं उघडून बघून घ्या. ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्ट या नॅसच्या दोन्ही सिस्टिमांत 'नट' ही सेवा मिळते, ती यूपीएसशी बोलते. दोन डिस्कचा सर्व्हर, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ५० वॅटच्या आत राहतील, नवी बॅटरी अर्धा तास तरी काढेल. पण त्या अर्ध्या तासावर विसंबू नका, बॅटरीवर पाच मिनिटं झाली की शटडाउन असं लावा. आपल्या उकाड्यात ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. दर वर्षी चवथीच्या आधी प्लग ओढून बघायचं, सर्व्हर खरंच नीट बंद होतो का.

मांडवीकाठ

एसएमपीएसबद्दल: कॅबिनेटबरोबर फुकट येणारा काढून ठेवा. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅट, पाच वर्षं वॉरंटीचा, पुरे. साटा पॉवरचे टोक कमी पडले म्हणून मोलेक्समधून साटा करणारे साच्यात ओतलेले अडॅप्टर लावू नका. आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळतात, हे जगभर झालेलं आहे. टोक उघडून तारा दिसतील असे दाबून बसवलेले घ्या.

सुरंगी

ठेवायचं कुठे, हे राहिलं. एसीची खोली मोहाची वाटते, पण घात तिथेच आहे. रात्री खोली थंड, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की जुलैतली ओली हवा थंड पत्र्यावर येते आणि पाणी धरतं. डिस्कच्या कागदावर आर्द्रता ५ ते ९५ टक्के चालते असं लिहिलेलं असतं, पण पुढे 'दव न धरता' ही अट असते. चोवीस तास चालू असलेला डबा स्वतः कोमट राहतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी राहते. म्हणून पावसाळ्यात सर्व्हर रोज बंद-चालू करू नका. पूर्ण बंद ठेवून आठवड्यातून एकदा लावणं सगळ्यात वाईट.

साधी हवेशीर खोली, बाहेरच्या भिंतीला न टेकता, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. चिऱ्याच्या भिंतीला ओल येते. नळ्यांखाली थेट नको, गळतीची जागा दर पावसात बदलते. पुढच्या बाजूने १२० मिमीचा एक पंखा डिस्कवर वारा घालेल असा. मे महिन्यात खोली ३४ अंश असली तरी डिस्क ४५ च्या आत राहायला हवी. पन्नासच्या वर गेली तर पंखा किंवा जागा बदला. सिलिका जेलच्या पुड्या वारा खेळणाऱ्या डब्यात निरुपयोगी.

वापर नसलेल्या भोकांवर बारीक जाळी लावा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत येतात, आणि पालीने एसएमपीएसमध्ये केलेलं शॉर्ट वॉरंटीत बसत नाही.

डिचोलीकर

त्याला जोडून: स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायला धावू नका. तो केबलच्या चुका मोजतो. आपल्या खाऱ्या-ओल्या हवेत कनेक्टर काळवंडतात. केबल काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पुन्हा घट्ट बसवा, तरी वाढला तर केबल बदला. ५, १९७, १९८ (खराब जागांचे आकडे) यांपैकी काही शून्यावरून हललं आणि वाढतच राहिलं तर मात्र डिस्कच.

मांडवीकाठ

डिस्क आली की लगेच भरू नका. आधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. पांढऱ्या लेबलच्या, नव्याने रंगवलेल्या जुन्या डिस्क बाजारात भरपूर आहेत. २०२५ च्या जानेवारीत युरोपात वापरलेल्या सीगेट एक्सोस नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास शून्य केलेले होते, पण सीगेटच्या फार्म या वेगळ्या अंतर्गत नोंदीत खरे तास तसेच राहिले होते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामची नवी आवृत्ती ती नोंद वाचते. दोन्हीकडचे तास जुळले पाहिजेत.

मग स्मार्टची लांब चाचणी, नंतर बॅडब्लॉक्स (सगळी डिस्क ठरावीक नमुन्यांनी लिहून वाचून बघणारा प्रोग्राम). ८ टीबीला चारही नमुन्यांची पूर्ण चाचणी म्हणजे पाच दिवस. एकच नमुना लिहून वाचला तरी तीसेक तास. दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत हे उरका. दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या तर उत्तम.

नळ्यांवरचो_पावस

लॅन केबल घेताना ब्लेडने तार खरवडून बघा. वरून तांबडी, आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियम. खोकं उचलतानाच हलकं लागतं. क्रिंपिंगमध्ये तुटते, पीओईवर व्होल्टेज गळतं. शुद्ध तांब्याची कॅट५ई पुरे, १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिटही तीवर चालतं. नकलेचा वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास आला तर गिगाबिट नीट चालू आहे. ११ वर अडकला तर चारातली एखादी जोडी सुटलीय आणि लिंक १०० वर उतरलीय. सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्लग बघा.

चिरेबंदी

सुधारित यादी: दोन मूळ साटा पोर्ट आणि एएसएम११६६ असलेला एन१०० बोर्ड, १६ जीबीची एक पट्टी, ८ टीबी आयर्नवुल्फ दोन, कॅमेऱ्यांना ४ टीबी पर्पल एक, बूटला छोटी एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, डेटा पोर्टचा यूपीएस. डिस्कच्या जागांसाठी नोड ३०४ हे कॅबिनेट बघतोय. बाहेरून फोटो बघायला राउटरमध्ये पोर्ट उघडू का?

सुरंगी

नको. पहिलं म्हणजे बहुतेक कनेक्शन सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटणं) मागे असतात, उघडलेला पोर्ट बाहेरून पोचतच नाही. आणि पोचला तर त्याहून वाईट. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून कुलूपबंद केले. टेलस्केल किंवा वायरगार्ड (घरापर्यंतचा खासगी बोगदा, व्हीपीएन) लावा, टेलस्केल सीजीनॅटमधूनही चालतं. रोजचे स्नॅपशॉट ठेवा, महिनाभराचे. आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे: एक बाह्य डिस्क घेऊन सावंतवाडी-बेळगावला नातेवाइकांकडे ठेवा, दर सुट्टीत बदला.

नोड ३०४ मध्ये सहा डिस्क बसतात, पण बोर्ड मिनी आयटीएक्सच हवा. मोठा एसएमपीएस घातला तर केबल कोंबताना हाल होतात, १६० मिमीच्या आतला बघा.

चिरेबंदी

शेवटचं. लाईट गेली, नटने सर्व्हर बंद केला. घरी कोणी नसेल तर परत चालू कसा होईल?

अंतरुजकार

बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू' हा पर्याय असतो, तो लावा. पण नुसता तो पुरत नाही. सर्व्हर बंद झाला, यूपीएस अजून बॅटरीवर जिवंत आहे, आणि तेवढ्यात लाईट आली तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती. तो तसाच पडून राहील. म्हणून नटमध्ये शटडाउननंतर यूपीएसचं आउटपुटही तोडायची आज्ञा चालू ठेवायची. मग वीज स्थिर आल्यावर यूपीएस नव्याने आउटपुट देतो आणि बायोस जागा होतो. यूपीएस पाळत असेल तर परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटांचा उशीर लावा, कारण पावसात लाईट आली की पहिल्या मिनिटात दोनदा परत जाते. स्वस्त यूपीएस ही आज्ञा पाळत नाहीत. तसं निघालं तर राउटरमधून वेक ऑन लॅन (लॅनवरून मशीन जागं करायचा संदेश) पाठवायचं, त्यासाठी बायोसमध्ये ते आधी चालू करून ठेवा आणि सर्व्हरच्या लॅन कार्डाचा मॅक पत्ता राउटरमध्ये नोंदवा.